शेतकऱ्यांचा स्वतःचा बाजार : लहान गावी तो कसा उभारावा?

माल पिकविणे हा शेतीच्या धंद्याचा अर्धाच भाग होय. पिकलेला माल योग्य दराने विकणे हा दुसरा अर्धा. बी-बियाणे, खत, कीड यांविषयी आम्ही शेतकरी रात्रंदिवस बोलत असतो. परंतु विक्रीचा विचार मात्र आमच्या वतीने आडत्या करतो, आणि त्याने पट्टी हातात ठेवली म्हणजे ती वाचून उसासा टाकणे एवढेच काम आमच्याकडे उरते. यास्तव धाराशिव जिल्ह्यातील वाशी, लोहारा, भूम, परंडा यांसारख्या एखाद्या लहान शहरी आसपासच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आठवड्यातून एक दिवस स्वतःचा बाजार भरवावयाचा ठरविल्यास त्याची मांडणी कशी असावी, याचा विचार येथे करण्याचे योजिले आहे. ज्याने पिकविले त्यानेच विकावे व ज्यास खावयाचे आहे त्यानेच विकत घ्यावे, एवढाच या बाजाराचा अर्थ आहे. अर्थ सोपा आहे. तो अमलात आणणे तितके सोपे नाही.

व्यापार ही आमच्या मुलखास नवी गोष्ट नव्हे. तेरणेकाठचे तेर हेच प्राचीन तगर नगर होय असे विद्वानांनी ठरविले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी ग्रंथात या तगराचा उल्लेख येतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून, भडोच बंदरास नेत असत, असे त्यात म्हटले आहे. पुढे १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे बार्शीस आली व १९११ साली लातुरास पोचली. तिच्यामुळे आमचा माल बाहेर जाण्याची वाट रुंद झाली. मालास मोठी पेठ मिळाली हे खरे. पण त्याबरोबर एक सवयही लागली. माल पिकला की तो प्रथम बार्शी, लातूर किंवा सोलापूर येथे न्यावयाचा, आणि तेथून निघालेला तोच किंवा तसाच माल फिरून आमच्या आठवडी बाजारात येऊन बसावयाचा. ज्या वांग्यास शिवारापासून गावापर्यंत चार कोसांची वाट पुरली असती ते वांगे कित्येकदा चाळीस कोस हिंडून, सुकून, दोनदा तोलले जाऊन, आमच्याच शेजाऱ्याच्या चुलीवर चढते.

या फेऱ्याची किंमत किती याविषयी एक अलीकडचा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दाखविले आहे की, गिऱ्हाईक जो रुपया देते त्यापैकी टोमॅटोच्या बाबतीत सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या बाबतीत ३६ पैसे व बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे शेतकऱ्यास मिळतात. हे आकडे ऐकताच कित्येक सभांतून दलालाच्या नावाने शंख केला जातो. परंतु उरलेले सगळे पैसे कोणा एकाच्या घशात जातात असे समजणे चूक आहे. त्यांत गाडीभाडे आहे, हमाली व तोलाई आहे, सडून फेकून दिलेला माल आहे, आणि उन्हात दिवसभर बसून पावपाव किलोने माल विकणाऱ्या भाजीवालीची मजुरीही आहे. ही कामे कोणी तरी करावीच लागतात. ती आपण आपल्याकडे घेऊ तेव्हाच त्यांचे पैसे आपल्याकडे येतील. कामे दुसऱ्याने करावी व पैसे आपणांस मिळावे, अशी सोय कोणत्याही बाजारात नसते.

आता इतरांनी काय केले ते थोडक्यात पाहू. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. निजामी राज्यात, म्हणजे आमच्याच मुलखात, शेतमालाच्या बाजारांचा कायदा १९३० साली झाला. आणि महाराष्ट्र राज्याचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ सालचा आहे. या सर्वांनी घाऊक सौद्यात पुष्कळ सुधारणा केली. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे भाव उघड्या लिलावात आले व खोट्या वजनांस आळा बसला. पण शेतकरी व खाणारा यांची गाठ घालून देणे हा त्यांचा हेतू नव्हता. तो प्रयत्न पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ या नावाने झाला. आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये ‘रयतु बाजार’ निघाले, व त्याच वर्षी तमिळनाडूत मदुराई येथून ‘उळवर संदै’ म्हणजे शेतकऱ्यांचे बाजार सुरू झाले. महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली, आणि पणन मंडळाच्या पुढाकाराने संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम हाती घेण्यात आली. ज्यांचे अरण गाव आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे व ज्यांस कांदा, मुळा, भाजी यांतच विठाई दिसली, त्यांचे नाव या कामास शोभणारे आहे यात शंका नाही.

या उदाहरणांपासून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तमिळनाडूत हे बाजार एका सरकारच्या आवडीने उभे राहिले. भाजी आणण्यास बसगाड्यांची सोय झाली, तराजूही पुरविण्यात आले. २००१ साली सरकार बदलताच त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले व कित्येक बाजार ओस पडले. २००६ साली पूर्वीचे लोक पुन्हा सत्तेवर आल्यावर त्यांत जीव आला. सबब सरकारी मदत मिळाल्यास ती अवश्य घ्यावी, परंतु ती बंद झाली तर दुसऱ्याच आठवड्यात बाजार मोडेल, अशा पायावर तो उभारू नये. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. पुण्यामुंबईच्या शेतकरी बाजारांत गिऱ्हाइकांची वाण नाही. तेथे मालच पुरत नाही. आमच्या जिल्ह्यात उलट स्थिती आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे जिल्ह्यातील शहरी वस्ती शेकडा १७ च्या आतबाहेर होती. म्हणून पुण्याचा बाजार पाहून आलेल्या उत्साही मंडळींनी तोच जसाच्या तसा वाशीस आणून बसविला, तर दोन तासांत तो संपेल आणि निम्मा माल घरी परत न्यावा लागेल. लहान गावी प्रथम गावाचे पोट मोजले पाहिजे.

ते मोजावे कसे? समजण्याच्या सोयीसाठी एक हिशेब मांडतो. आकडे धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालून पाहावे. समजा, गावात ३,००० कुटुंबे आहेत व प्रत्येक कुटुंबास आठवड्यास ५ किलो भाजीपाला लागतो. म्हणजे गावाची भूक आठवड्यास १५,००० किलोची झाली. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. लोकांची भाजीवाली ठरलेली असते, तिच्याकडे उधारी चालते, व आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी भरून आणण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पहिल्या वर्षी दहांतील एक कुटुंब जरी नव्या बाजाराकडे वळले तरी ते पुष्कळ झाले. म्हणजे विक्रीची मर्यादा १,५०० किलो. एका शेतकऱ्याने ४० किलो माल आणला असे धरल्यास हे काम ३७ किंवा ३८ शेतकऱ्यांचे आहे. त्याच दिवशी शंभर शेतकऱ्यांस निमंत्रण दिले, हार-तुरे झाले व भाषणे झाली, तर पहिलाच दिवस बहुतेकांचा शेवटचा दिवस ठरेल. कारण ज्याचा माल उरला तो पुढल्या खेपेस येणार नाही आणि चार ठिकाणी जाऊन बाजाराची निंदा करील ती वेगळीच.

येथे कोणी विचारील की, ज्या जिल्ह्यात पाच माणसांतील चार खेड्यांत राहतात, तेथे भाजी विकत घेणार कोण? याचे उत्तर कित्येकांस चमत्कारिक वाटेल, पण ते खरे आहे : शेतकरीच. सोयाबीन, तूर, हरभरा व ऊस यांच्या मागे लागून आमच्यापैकी बहुतेकांनी विहिरीकाठचा माळव्याचा वाफा मोडला. ज्याच्या घरी दहा एकर जमीन आहे तोही मेथीची जुडी बाजारातून आणतो. तालुक्याच्या गावी कचेरी, दवाखाना, बँक यांच्या कामासाठी आलेला शेतकरी परत जाताना हातात पिशवी घेऊन जातो. त्याची परतीची वेळ व वाट पाहून बाजार बसविला, तर शहरातील नोकरदार वर्गापेक्षा तोच आमचा मोठा गिऱ्हाईक होईल. याचा अर्थ बाजारातील किफायत विकणाऱ्या शेतकऱ्यास एकदा व विकत घेणाऱ्या शेतकऱ्यास दुसऱ्यांदा मिळते.

आता विकणाऱ्याचा हिशेब. हाच भाग बहुतेक लोक गाळतात, आणि बाजार मोडतात ते बहुधा याच ठिकाणी. समजा, एका शेतकऱ्यापाशी ४० किलो वांगी आहेत. घाऊक पेठेत किलोस १२ रुपये दर मिळाला तर ४८० रुपये झाले. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असा नियम २०१६ साली झाला. तेव्हा ती सोडून देऊ. गाडीभाडे, हमाली व तोलाई मिळून ६० रुपये वजा जाता हाती ४२० राहिले. हाच माल त्याने गावच्या शेतकरी बाजारात नेला. २२ रुपये दराने ३० किलो विकला गेला, त्याचे ६६०, उरलेला १० किलो शेवटी ८ रुपयांनी एखाद्या खानावळीस दिला, त्याचे ८०, एकूण ७४०. टमटमचे भाडे ३० वजा करता ७१० राहिले. म्हणजे २९० रुपये अधिक मिळाले. मोठा आनंद झाला! पण त्यासाठी एक माणूस दुपारपासून रात्रीपर्यंत अडकला. त्याची मजुरी ३०० रुपये धरली तर दहा रुपये पदरचेच गेले. आपली व घरच्या माणसांची मेहनत फुकट धरण्याची आम्हांस सवय असल्यामुळे हा तोटा दिसत नाही. परंतु सुगीच्या दिवसांत, जेव्हा तोच माणूस शेतात हवा असतो, तेव्हा तो बाजारास येईनासा होतो, व का येईनासा झाला याचे कोडे चालकांस पडते.

उपाय कठीण नाही. चार शेतकऱ्यांनी मिळून एक बैठक घ्यावी. एकाची वांगी, दुसऱ्याची मेथी-कोथिंबीर, तिसऱ्याचे टोमॅटो व चौथ्याची गवार किंवा दोडका. चौघांपैकी दोघांनी, किंवा त्यांच्या घरच्या माणसांनी, पाळीपाळीने बसावे व त्यांस मजुरी द्यावी. एका ठिकाणी चार जिनसा मिळाल्या म्हणजे गिऱ्हाईक तेथेच पिशवी भरते, आणि माल कमी उरतो. प्रत्येकाचा १० किलोऐवजी ४ किलोच उरला असे धरू. ३६ किलोचे ७९२ व ४ किलोचे ३२ मिळून ८२४. भाडे ३० वजा जाता ७९४. घाऊक पेठेपेक्षा ३७४ अधिक. चौघांचे मिळून १,४९६. त्यांतून दोन माणसांची मजुरी ६०० वजा केली असता ८९६ उरतात, म्हणजे प्रत्येकी २२४ रुपये निव्वळ. एकट्याने केले तर दहा रुपये तोटा, चौघांनी केले तर सव्वादोनशेचा नफा! वर काढलेल्या १,५०० किलो मालासाठी अशा नऊ-दहा बैठका पुरेत. नऊ-दहा बैठकांचा बाजार दिसावयास लहान दिसेल. पण तो टिकेल, आणि मागणी वाढेल तशी एकेक बैठक वाढविता येईल.

यावरून हे ध्यानात येईल की बाजाराची खरी तयारी मैदानात नसून शेतात करावयाची आहे. मांडव, फलक, ध्वनिक्षेपक ही तयारी एका दिवसात होते. दर आठवड्यास न चुकता आठ-दहा जिनसा येतील अशी पेरणी करावयास तीन-चार महिने लागतात. आमच्याकडे कार्तिकापासून माघापर्यंत सर्वांचीच मेथी, पालक, कोबी, टोमॅटो एकदम येतात व दर कोसळतात. चैत्र-वैशाखात विहिरी तळास जातात व विकावयास काहीच राहत नाही. गिऱ्हाईक दोन वेळा रिकाम्या हाताने परत गेले की तिसऱ्या वेळी येत नाही. म्हणून बैठकीतील शेतकऱ्यांनी हंगामापूर्वी एकत्र बसून कोणी काय व केव्हा लावावयाचे ते कागदावर लिहून घ्यावे. मेथी महिन्याभरात व कोथिंबीर सव्वा-दीड महिन्यात निघते. ती एकाच दिवशी सगळ्या वाफ्यांत न टाकता दर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा टाकावा. ज्याच्या विहिरीस किंवा शेततळ्यात उन्हाळ्यात पाणी टिकते त्याने कार्तिकातील मेथीच्या मागे न लागता माघात भेंडी, गवार, काकडी लावण्याचे पत्करावे. त्याच्या मालास बैठकीत मानाची जागा द्यावी. अवर्षणाच्या वर्षी काय होते हे २०१५-१६ साली आपण सर्वांनी पाहिले, आणि सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने परंडा-भूम भागात काय केले तेही विस्मरणात गेलेले नाही. जो बाजार केवळ हिरव्या भाजीवर उभा आहे तो अशा वर्षी बंदच पडणार.

म्हणून कोरडा मालही या बाजारात हवा, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. सर्वांत मोठे उदाहरण तुरीचे. जिल्ह्यात तूर पिकते, पोत्यांनी बाहेर जाते, आणि तिची डाळ पिशव्यांतून परत येते. गिरणीत १०० किलो तुरीची सुमारे ७० ते ७५ किलो डाळ पडते, व चुणी आणि टरफल जनावरांस होते. ज्या गावी लहान डाळगिरणी आहे तेथे पाचसहा शेतकऱ्यांनी दोन-दोन क्विंटल तूर भरडून घेऊन दर आठवड्यास थोडथोडी डाळ बैठकीवर ठेवली, तर ती सहा महिने नासत नाही व कोणा आडत्याच्या घाईस बळी पडत नाही. तीच गोष्ट उडीद, मूग, हरभरा डाळ, मालदांडी ज्वारी, तीळ, जवस, कारळे यांची. शिवाय हंगामी जिनसा आहेतच : बालाघाटाच्या डोंगरातील सीताफळे, पौषातील हुरडा, हरभऱ्याचे ढाळे, तुरीच्या ओल्या शेंगा, चिंच. घरोघरी वानवळा म्हणून वाटल्या जाणाऱ्या या वस्तूंस दर असतो, हे ऐकून आमच्या वडीलधाऱ्या मंडळींस थोडे वाईट वाटेल. त्यांनी वानवळा अवश्य द्यावा. पण तो शेजाऱ्यास द्यावा, व्यापाऱ्यास नव्हे.

भूम-वाशीकडील खव्यास बाहेर नाव आहे व कुंथलगिरीचा पेढा सर्वांस ठाऊक आहे. भट्टीवाल्यांनी ताजा खवा आणल्यास बाजारास शोभा येईल. मात्र खवा, पेढा, लोणचे, पापड हे तयार खाद्यपदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखाली विक्रेत्याची नोंदणी करून घ्यावी लागते. शेतातून आलेल्या कच्च्या मालास ती लागत नाही. किरकोळ विक्रीच्या बाबतीत बाजार समितीच्या कायद्याचीही अडचण नाही. वजनकाट्यांस मात्र सवलत नाही, व ती असूही नये. २००९ च्या वजनमापे कायद्याप्रमाणे विजेच्या काट्यावर दर वर्षी, आणि साध्या तराजूवर व वजनांवर दर दोन वर्षांनी सरकारी छाप मारून घ्यावा लागतो. मांडवाच्या तोंडाशी एक जादा काटा ठेवून त्यावर ज्यास पाहिजे त्यास आपला माल पुन्हा तोलून पाहता येईल अशी व्यवस्था करावी. या एका काट्याने जेवढी पत वाढेल तेवढी दहा फलकांनी वाढणार नाही.

बैठकीवर कोणी बसावे, हा प्रश्न आमच्या समाजात वाटतो तितका साधा नाही. पाटील-देशमुखांच्या वाड्यातील माणूस रस्त्याकडेला गोणपाट अंथरून वांगी विकील काय, असे विचारले तर बहुतेक जण हसतात. लिलावात आपला माल दुसऱ्याने मातीमोलाने पुकारावा यात कमीपणा नाही आणि आपण आपल्या तोंडाने दर सांगावा यात मात्र आहे, ही समजूत आम्हांस तरी उमगत नाही. ज्यास खरोखरच बसवत नाही त्याने बसणाऱ्या भागीदारास मजुरी चुकती करावी व गप्प राहावे. स्त्रियांस ही अडचण कमी वाटते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या कामातून पुढे आलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने या जिल्ह्यात व शेजारी, घरच्या जमिनीतून अर्धा-एक एकर शेतकरी स्त्रीच्या हाती देऊन त्यात डाळी, भाज्या, भरड धान्ये एकत्र पिकविण्याची पद्धत रुजविली. तिच्या कामास २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. घरी खाऊन उरलेला असा थोडथोडा, नाना जिनसांचा माल हाच शेतकरी बाजारास सर्वांत योग्य. तो स्त्रीने पिकविला असेल तर विक्रीचे पैसेही तिच्याच हाती पडावे, ही अट आम्ही बाजाराच्या नियमांतच घालू.

दुसरा धोका व्यापाऱ्यांच्या शिरकावाचा. शेतकऱ्यांचा म्हणून बाजार सुरू होतो आणि वर्षाच्या आत निम्म्या बैठकांवर घाऊक पेठेतून पहाटे माल उचलून आणणारे लोक बसलेले दिसतात, असा अनुभव ठिकठिकाणी आहे. यास शेतकऱ्यांचाही हात असतो. स्वतः यावयाचा कंटाळा आला की आपली जागा भाड्याने देतो. सातबारा दाखविणे हा पुरेसा पुरावा नव्हे. सातबारा सगळ्यांपाशी असतो, वांगी असतातच असे नाही. २०२१ पासून राज्यभर चालू झालेल्या ई-पीक पाहणीतील नोंद काही अंशी उपयोगी पडेल. परंतु खरा उपाय म्हणजे पंचांपैकी तिघांनी पंधरा दिवसांतून एकदा बैठकवाल्यांच्या शेतांवर चक्कर टाकणे. ज्याच्या शेतात फुलकोबी नाही त्याच्या बैठकीवर ती दिसली तर पहिल्या वेळी समज द्यावी, दुसऱ्या वेळी जागा काढून घ्यावी. तो सरपंचाचा भाऊ असला तरी. पहिला अपवाद झाला की नियम संपला.

जागेविषयी फार लिहावयास नको. नगरपंचायतीचा लेखी ठराव करून घ्यावा, तोंडी आश्वासनावर बसू नये. आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेकेदार त्याच दिवशी पावतीपुस्तक घेऊन उभा राहील. बसस्थानकापासून पायी जाता येईल अशी, लिंबाची सावली व पाण्याचा नळ असलेली जागा पाहावी. दिवस आठवडी बाजाराचा धरू नये. त्या दिवशी व्यापारी लहान शेतकऱ्यास दरात हाणून पाडू शकतो. आठवडी बाजार सोमवारी भरत असेल तर आपला गुरुवारी किंवा शुक्रवारी भरवावा. तोपर्यंत घरातील भाजी संपलेली असते. वेळ दुपारी चार ते रात्री आठ. दर प्रत्येकाने मनास येईल तो सांगू नये, तसा पंचांनी हुकमाने ठरवूही नये. आदल्या दिवसाचा घाऊक दर व गावातील किरकोळ दर फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे व त्यांच्या मधोमध आपला दर असावा. आंध्रात रयतु बाजारांतही साधारण हेच धोरण ठेवले होते. बैठकीमागे लहानशी फी घेऊन झाडलोट व दिवाबत्ती करावी, आणि महिन्याचा जमाखर्च सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. उरलेल्या मालासाठी दोनतीन खानावळी व वसतिगृहे आधीच बोलून ठेवावी. तुळजापूरच्या जवळपास असणाऱ्यांस मंगळवार, शुक्रवार व पौर्णिमेची यात्रेकरूंची गर्दी आहेच. त्यातूनही उरलेली मेथी उस्मानाबादी शेळी कुरकुर न करता खाते.

आडत्याशी वैर मात्र धरू नये. आमच्यापैकी कित्येकांनी त्याच्याकडून लग्नकार्यास, बोअरला, औषधपाण्यास उचल घेतलेली असते व माल त्याच्याच गाळ्यावर घालण्याचा शब्द दिलेला असतो. अशा शेतकऱ्यास आवेशाच्या भरात नव्या बाजारात ओढून आणणे म्हणजे त्यास संकटात लोटणे होय. पोळ्याच्या तोंडावर पैसे लागले तर शेतकरी बाजाराच्या पेटीतून ते मिळणार नाहीत. शिवाय सर्वांचे टोमॅटो एकदम पिकले म्हणजे तो माल पचविण्याची ताकद लहान गावात नसते; तेव्हा मोठी पेठच कामास येते. आमची सूचना अशी की, पहिल्या वर्षी मालाचा चौथाई भागच शेतकरी बाजारात आणावा व बाकीचा पूर्वीप्रमाणे जाऊ द्यावा. उचल असलेल्यांनी तर प्रथम डाळ, ज्वारी, शेंगा अशा ज्या मालावर आडत्याचा शब्द नाही तोच आणावा, आणि अधिक मिळालेल्या पैशांतून उचल फेडीत जावी. उचल फिटली म्हणजे माल कोठे न्यावा हे ठरविण्यास तो मोकळा होतो. आमच्या दृष्टीने या बाजाराचा सर्वांत मोठा लाभ हाच. किलोमागे मिळणारे दहा रुपये त्याच्या खालोखाल.

सुरुवात केव्हा करावी असे विचाराल तर श्रावणात पंच नेमावे, कोणाच्या विहिरीस किती पाणी आहे ते लिहून काढावे, व भाद्रपदात रोपे टाकावी. नवरात्रात लोकांचे व गाड्यांचे लक्ष तुळजापुराकडे असते. तेव्हा ती गडबड जाऊ द्यावी आणि दिवाळी आटोपल्यावर, कार्तिकाच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पहिला बाजार भरवावा. त्याच आठवड्यात उन्हाळी भेंडी-गवारीची जबाबदारी कोणाकडे हे ठरवून त्यांची नावे वहीत घालून ठेवावी. चैत्रात विचारू म्हटले तर कोणी सापडत नाही.